'लेट' नेमकं कुणाच्या आधी?

गाडी लेट, पगार लेट, पाऊस लेट. 'लेट' हा शब्द आपण इतका घरचा करून टाकलाय की तो इंग्रजी आहे हेच विसरून गेलोय. आमच्या येडशीला तर या शब्दाची सवय जुनीच. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी इथून लातूरकडे जायची. ती कधी वेळेवर आलीच तर 'कालची असेल' असं म्हणून लोक हसायचे. २००७-०८ च्या सुमारास रूळ रुंद झाले, गाडी मोठी झाली. 'लेट' मात्र तसंच राहिलं.

पण मैत्रिणींनो, इंग्रजीत याच विशेषणाचा दुसरा एक अर्थ आहे, कैलासवासी. आणि तो चुकीच्या जागी बसला की काय होतं, ते आमच्या बचत गटातल्या एकीनं भोगलंय.

तिचे मालक वारले. बँकेतल्या त्यांच्या खात्यावर थोडेफार पैसे होते. ते मिळावेत म्हणून तिनं एका दुकानातून इंग्रजीत अर्ज टाइप करून घेतला. टाइप करणाऱ्या पोरानं तिचं नाव लिहून पुढं 'लेट वाइफ ऑफ' आणि मग नवऱ्याचं नाव असं लिहून दिलं. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला खिडकीतल्या साहेबांनी हसत हसत सांगितलं, "बाई, या अर्जाप्रमाणं तुम्हीच वारलेल्या आहात." ती अर्ज घेऊन माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, कुंकू गेलं ते गेलं, वर मलाच मारलं की ह्यानं!"

गटाच्या बैठकीत मी हे फळ्यावर मांडलं. विशेषण ज्या नामाला चिकटतं त्याचाच गुण सांगतं, हे मराठीतही तसंच आहे. 'कै. रामरावांची पत्नी' आणि 'रामरावांची कै. पत्नी' एवढं म्हटल्याबरोबर सगळ्याजणींना कळलं, इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्यांनासुद्धा. म्हणून लिहायचं 'वाइफ ऑफ द लेट' आणि लगेच नवऱ्याचं नाव. मधलं 'द' विसरायचं नाही. आणखी सोपं म्हणजे 'विडो ऑफ', तिथं 'लेट'ची भानगडच नाही. (हा शब्द अंगावर येतो, मान्य आहे. पण कागदावर तो गोंधळ करत नाही.)

दुसरा किस्सा एका पोराचा. बाप गेलेलं लेकरू, शाळेत 'माझे कुटुंब' हा इंग्रजी निबंध लिहायचा होता. त्यानं लिहिलं, 'माय फादर इज लेट.' गुरुजींनी लाल पेनानं खाली प्रश्न विचारला, कशासाठी उशीर झाला? वर्गात हशा पिकला. पोरगं दोन दिवस शाळेत गेलं नाही. व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणं गुरुजी बरोबर होते. मृत या अर्थाचं 'लेट' नावाच्या किंवा नात्याच्या आधी येतं, 'माय लेट फादर' असं. ते 'इज'च्या पुढं गेलं की अर्थ उशिराचाच होतो. वाक्यच करायचं तर 'माय फादर इज नो मोअर' किंवा सरळ 'माय फादर डाइड', आणि पुढं साल. पण मला सांगावंसं वाटतं की आफ्रिकेतल्या बोट्स्वानासारख्या देशात लोक 'माझे वडील लेट आहेत' असंच इंग्रजीत सर्रास बोलतात, आणि तिथं कुणी हसत नाही. आमच्या लेकराचं इंग्रजी तिथं बिनबोभाट चाललं असतं.

आणखी एक गंमत. इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांवर लेखकाच्या नावाखाली 'लेट ऑफ' अमुक खातं असं छापलेलं असतं. तो लेखक मेलेला नसतो बरं का, त्या खात्यातून निवृत्त झालेला असतो. 'लेट'मध्ये 'पूर्वीचा' हाही अर्थ आहे, तो असा. आणि हे विशेषण अलीकडं गेलेल्या माणसालाच लावतात. शिवाजी महाराजांना किंवा अहिल्याबाईंना कुणी 'लेट' म्हणत नाही, जसं आपण त्यांना 'कै.' लावत नाही.

आपल्याकडं मात्र मेल्यावरही जात-पंथ सुटत नाही. कुणी कैलासवासी, माळकरी असेल तर वैकुंठवासी, मुसलमान असेल तर पैगंबरवासी. तलाठ्याच्या दप्तरात सगळे सारखेच 'मयत'. इंग्रजीतल्या 'लेट'चं हे एक मला आवडतं, ते सगळ्यांना एकच.

खरा घोळ मागं राहिलेल्या बाईच्या विशेषणाचा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द चर्चेला आणला, तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्याच्या आदल्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला होता आणि सरकारनं तो बाकीच्या गावांपुढं ठेवला होता. आमच्या गटात यावर बोलताना एका मावशींनी विचारलं, "बायको मेलेल्या बाप्याला काय म्हणतेत गं?" कुणालाच चटकन आठवेना. विधुर हा शब्द पुस्तकातच राहिलाय. त्याच्या नावामागचं 'श्री.' काही हलत नाही.

तर अर्जाबद्दल. इंग्रजीतच लिहिला पाहिजे असं काही नाही. राज्य सरकारचा कारभार मराठीत आहे, तेव्हा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज बिनधास्त मराठीत द्या. बँकांनीही छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्हींत ठेवावेत, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. मागून घ्या. दुसऱ्यानं लिहून दिला तर अंगठा किंवा सही करण्याआधी वाचून घ्या, आपलं नाव कुठं आणि 'लेट' कुठं ते बोट ठेवून विचारा. आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. दुःखात हे राहून जातं. वर्ष उलटलं की नोंदीसाठी वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि मग पुढचे सगळेच कागद लेट होत जातात.