कलम बारा आणि कलम सतरा

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना रेडिओचा परवाना आठवत असेल. टपाल कचेरीत वर्षाकाठी शुल्क भरायचे, पुस्तिकेवर शिक्का उमटवून घ्यायचा आणि मगच घरच्या संचावर निर्धास्तपणे बातम्या ऐकायच्या, असा शिरस्ता होता. परवाना चुकवणारेही अर्थात पुष्कळ होते. १९८५ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली तेव्हा कोणी हळहळले नाही. ते शुल्क सरकारी तिजोरीतूनच फिरत असले, तरी श्रोता आणि आकाशवाणी यांच्यात पैशाचा एक दुवा त्यामुळे होता. तो तुटल्याची दखल फारशी कोणी घेतली नाही.

गंमत अशी की, पाच वर्षांनी संमत झालेल्या प्रसार भारती कायद्यात या मृत शुल्काचा उल्लेख आहे. कलम १७ सांगते की, संसदेच्या मंजुरीनंतर केंद्र सरकार महामंडळाला परवाना शुल्काचे उत्पन्न 'असल्यास' देऊ शकेल. शिवाय सरकारला आवश्यक वाटतील तेवढ्या इतर रकमा भांडवल, अनुदान अथवा कर्ज या रूपाने देऊ शकेल. शुल्क तर उरलेच नाही. म्हणजे राहिले ते सरकारला आवश्यक वाटेल तेवढे.

याच कायद्याचे कलम १२ वाचले तर मात्र मन प्रसन्न होते. सार्वजनिक हिताच्या सर्व बाबींवर मुक्त, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपणे, परस्परविरोधी मतांना स्थान देणे, स्वतः कोणत्याही मताचा वा विचारसरणीचा पुरस्कार न करणे, अशी कर्तव्ये तेथे नोंदलेली आहेत. त्यामागे आणीबाणीचा अनुभव होता. १९७६ मध्ये किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून हद्दपार झाली होती. मग बातम्यांची काय कथा! १९७८ मध्ये वर्गीज समितीने 'आकाश भारती' या स्वतंत्र न्यासाची शिफारस केली. १९७९ चे विधेयक लोकसभेबरोबरच लयाला गेले. १९९० मध्ये कायदा झाला, आणि तो अमलात यायला १९९७ उजाडले. सत्तेत येणाऱ्या कोणत्याच पक्षाला घाई नव्हती, हे यावरून उघड होते.

मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचे नियमन सार्वजनिक यंत्रणेने करावे. सरकारची मक्तेदारी जितकी अनिष्ट तितकीच खासगी मक्तेदारीही, असा त्याचा आशय. हा निर्णय देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्यानंतर खासगी वाहिन्यांचा सुकाळ झाला, आणि मतबाहुल्याचा प्रश्न आता बाजारानेच सोडवला, असे मानण्याची प्रथा पडली.

बाजार तो सोडवत नाही, याचे कारण साध्या अंकगणितात सापडते. समजा, एका तालुक्यात शंभर श्रोते आहेत. ऐंशींना चित्रपटगीते हवीत, पंधरांना शेतीविषयक वार्तापत्र, पाच जणांना लोकभाषेतील साहित्य. जाहिरातींवर जगणारी चार केंद्रे निघाली, तर चारही गीतेच वाजवतील. कारण ऐंशींचा चौथा हिस्सा, म्हणजे वीस, हा पंधरांपेक्षा मोठाच असतो. वार्तापत्र ऐकायचे तर सहावे केंद्र निघेपर्यंत वाट पाहायची, आणि साहित्यवाल्या पाच जणांनी तर विचारूच नये. जाहिरातदार श्रोते विकत घेतो. त्यांची निकड किती तीव्र आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जी गरज ग्राहकाच्या खिशातून व्यक्त होत नाही, तिच्यासाठीच सार्वजनिक प्रसारण असते, आणि म्हणूनच त्याचा पैसा कोठून यावा हा केवळ हिशेबनिसांचा प्रश्न राहत नाही.

हे सूत्र सर्वांत स्पष्टपणे मांडले ते जर्मनीच्या घटना न्यायालयाने. हिटलरच्या राजवटीने रेडिओ कसा वापरला, हे त्या देशाने भोगले होते. १९६१ मध्ये तेथील केंद्र सरकारने स्वतःची दूरचित्रवाणी कंपनी काढू पाहिली, तेव्हा न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. १९९४ मध्ये पुढचे पाऊल पडले: शुल्क कमीजास्त करून कार्यक्रमांच्या आशयावर अप्रत्यक्ष दाब आणणे, हाही स्वातंत्र्याचा भंगच होय. तेथे प्रसारण संस्थांची गरज एक स्वतंत्र तज्ज्ञ आयोग तपासतो आणि घरटी वर्गणीची शिफारस करतो. २०२० मध्ये आयोगाने दरमहा १७.५० युरोवरून १८.३६ युरोची शिफारस केली. पंधरा राज्यांनी मान्यता दिली. सॅक्सनी-आनहाल्ट या एकाच राज्याने ती अडवली. ८६ सेंटचा हा तंटा घटना न्यायालयात गेला, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने वाढ तात्पुरती लागू केली. सगळे तेथेही सुरळीत आहे असे नाही. पुढच्या वाढीला राज्यांनी पुन्हा हात आखडता घेतल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये या संस्थांना परत न्यायालयाची पायरी चढावी लागली. परंतु चढायला पायरी आहे, हे महत्त्वाचे.

भारतात परवाना शुल्क पुन्हा आणावे, असे कोणी शहाणा माणूस सुचवणार नाही. गरीब-श्रीमंतांवर सारखाच भार टाकणारे ते शुल्क अन्यायाचे ठरेल, आणि वसुलीचा खर्च वेगळाच. सरकार पैसा देत नाही, अशीही तक्रार नाही. जानेवारी २०२३ मध्ये यंत्रसामग्रीच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने २,५३९.६१ कोटी रुपये मंजूर केले. प्रश्न देण्याचा नसून, न देण्याच्या मुभेचा आहे. घटनेच्या कलम २८० खालील वित्त आयोग दर पाच वर्षांनी राज्यांचा करवाटा सुचवतो. तो वाटा मागायला मुख्यमंत्र्याला दरसाल अर्थमंत्र्याच्या दारी जावे लागत नाही. अशीच पाच वर्षांची, बाहेरच्या आयोगाने ठरवलेली तरतूद प्रसार भारतीसाठी करणे अशक्य नाही. कलम १७ मधील 'देऊ शकेल' याच्या जागी 'देईल' घालावे लागेल, आणि 'सरकारला' हा शब्द खोडावा लागेल.

जून २०२३ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला. पुण्याहून प्रसृत होणारी मराठी बातमीपत्रे ऐकत वाढलेल्या श्रोत्यांनी आणि पत्रकारांनी निषेध केला. निर्णय कागदोपत्री स्वायत्त महामंडळाचा होता. रदबदली मात्र थेट माहिती आणि प्रसारण मंत्र्यांकडे झाली, आणि तेथूनच तो स्थगित झाला.