मोटारीतील एरियल आणि त्याचा भूसंपर्क

लष्करच्या महाराज बाड्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांना तेथील गोंगाटाविषयी काही सांगावयास नको. एकीकडे व्हिक्टोरिया मार्केट, दुसरीकडे टपाल कचेरी, जवळच गोरखी, मध्ये जिवाजीराव महाराजांचा पुतळा, आणि या सर्वांभोवती वर्षानुवर्षे चाललेले टांगे, टेंपो व स्कूटरी यांचे रिंगण! त्या गर्दीत मोटारीतला रेडिओ लावून बसलेल्यास एक चमत्कारिक अनुभव येत असे. सर्वांत अधिक धडधडणारा डिझेलचा टेंपो शेजारून गेला तरी गाणे निर्वेध चाले. पण एखादी लहानशी पेट्रोलची स्कूटर जवळ आली की रेडिओत लाह्या फुटू लागत.

याचे कारण असे की, डिझेलच्या इंजिनात इंधन हवेच्या दाबाने तापून पेटते, तेथे ठिणगीची गरज नाही. पेट्रोलच्या इंजिनात मात्र प्रत्येक स्फोटासाठी ठिणगी पाडावी लागते, आणि ठिणगी म्हणजे एक छोटेसे प्रक्षेपण केंद्रच होय. हाइन्‍रिख हर्ट्झने १८८७–८८ मध्ये रेडिओलहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीच्याच साहाय्याने. अलीकडच्या ई-रिक्षांत स्पार्क प्लग नाही. पण त्यांच्या मोटारीचा वेग राखणारे यंत्र विजेचा प्रवाह सेकंदास हजारो वेळा तोडते व जोडते, त्यामुळे मध्यम लहरींवर त्यांचाही उपद्रव व्हावयाचाच.

परक्या वाहनांचे एक वेळ सोडून द्या. आपल्याच इंजिनाच्या ठिणग्या आपल्याच रेडिओत शिरू नयेत म्हणून काय करावयाचे? एरियलपासून रेडिओपर्यंत जी तार जाते ती साधी नसते. मध्यभागी एक बारीक तार, तिच्याभोवती विद्युत्‌रोधक थर, त्यावर तांब्याच्या तारांची विणलेली जाळी आणि सर्वांवर रबराचे वा प्लास्टिकचे आवरण, अशी तिची रचना असते. हिला कोॲक्शिअल केबल म्हणतात. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज संशोधकाने अशा तारेचे पेटंट १८८० सालीच घेतले होते. संदेश आत वाहतो आणि बाहेरचा गोंधळ जाळीवर अडतो, ही त्यातील युक्ती. परंतु अडलेला गोंधळ कोठे तरी जाऊ दिला पाहिजे, आणि तो मार्ग म्हणजेच भूसंपर्क. आपले मिस्त्री ज्याला ‘अर्थिंग’ म्हणतात ते.

येथे ‘भू’ हा शब्द थोडा फसवा आहे. बाड्यावरची टपाल कचेरी पाहिली की मला तारायंत्राची आठवण होते. म्युनिकच्या स्टाइनहाइलने १८३८ मध्ये असे दाखविले की, तारायंत्रास परतीची दुसरी तार लागत नाही, जमीनच तिचे काम करते. आपल्याकडील तारसेवा २०१३ साली बंद झाली; पण ‘अर्थ’ हा शब्द त्या काळापासून टिकून राहिला. मोटार मात्र रबरी टायरांवर उभी! तिची पृथ्वी म्हणजे तिचा पत्र्याचा सांगाडा. बॅटरीचे एक टोक त्याला जोडलेले असते, दिव्यांचा प्रवाह त्यातूनच परततो, आणि उभ्या एरियलला जी दुसरी बाजू लागते तीही तोच पत्रा पुरवितो. म्हणून जाळीचा भूसंपर्क एरियलच्या बुडाशीच, पत्र्याला घट्ट भिडून व्हावयास हवा. रंग हा विद्युत्‌रोधक असतो हे पुष्कळ कारागीर विसरतात. एरियलच्या बैठकीखालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून ती आवळावी आणि वरून व्हॅसलिन लावावे, नाहीतर एका पावसाळ्यात तेथे गंज चढतो.

‘अहो, मी तर एक लांब तार नेऊन चांगली अर्थ दिली आहे, दिवा लावून तपासलेही!’ असे सांगणारे गृहस्थ भेटतात. दिवा लागतो तो बॅटरीच्या एकमार्गी प्रवाहाने. रेडिओलहरींचे गणित निराळे आहे. एफ. एम. केंद्राची कंप्रता १०० मेगाहर्ट्झ धरल्यास तरंगलांबी ३ मीटर होते, आणि तिचा चतुर्थांश ७५ सेंटिमीटर. सुमारे तेवढ्याच लांबीची अर्थिंगची तार त्या लहरींच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यासारखीच असते! तार आखूड व रुंद हवी. चपटी विणलेली पट्टी सर्वांत उत्तम. आणखी एक नवल असे की, या कंप्रतेचा प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागापासून मिलिमीटरच्या सुमारे दीडशेव्या भागापलीकडे फारसा शिरत नाही. त्यामुळे जाळीची आतली व बाहेरची बाजू हे जणू दोन स्वतंत्र वाहक बनतात. बुडाशी संपर्क नसला की बाहेरच्या बाजूचा गोंधळ टोकापाशी वळून आत येतो, आणि मग जाळी असूनही नसून सारखीच.

भूसंपर्क एकाच ठिकाणी द्यावा असा एक नियम सांगितला जातो. तो ध्वनिवर्धकाच्या तारांपुरता योग्य आहे. तेथे दोन जागी अर्थ दिल्यास त्या दोन जागांतील सूक्ष्म विद्युत्‌दाबामुळे शिट्टीसारखा आवाज येतो व तो इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जातो. एरियलच्या केबलला हा नियम डोळे मिटून लावणे माझ्या मते चूक आहे. दोष कोठून येतो हे पाहावयाचे असेल तर इंजिन चालू ठेवून एरियलची केबल रेडिओतून काढावी. खरखर थांबली तर ती एरियलच्या वाटेने येत होती. न थांबली तर बहुधा विजेच्या तारेतून.

खरखर ही केवळ गैरसोय झाली. याहून गंभीर गोष्ट माझ्या एका स्नेह्यांच्या गाडीत घडली. रेडिओ बसविणाऱ्याने त्याची ऋण तार थेट बॅटरीच्या खुंटीला जोडली होती. पुढे बॅटरीपासून सांगाड्याकडे जाणारी जाड पट्टी गंजून सैल झाली. एके सकाळी किल्ली फिरविताच स्टार्टरला लागणारा शे-दोनशे अँपिअरचा प्रवाह परतीची वाट शोधू लागला. पट्टीची वाट बंद. मग तो सांगाड्यातून एरियलच्या बुडाशी, तेथून केबलच्या जाळीत, जाळीतून रेडिओच्या पेटीत आणि त्या ऋण तारेने बॅटरीकडे वळला. काही क्षणांत केबलचे आवरण वितळून डॅशबोर्डाखालून धूर निघाला. सुदैवाने त्यांनी किल्ली तत्काळ सोडली. धन तारेत फ्यूज होता, पण हा प्रवाह त्या वाटेने गेलाच नव्हता. दुरुस्तीच्या वेळी रेडिओची ऋण तार खुंटीवरून काढून, जाड पट्टी जेथे सांगाड्याला मिळते तेथे बसविली, आणि पट्टीही नवी घातली. आता पट्टी पुन्हा सैल झाली तर गाडी सुरू होणार नाही, इतकेच.