प्रत्येक सूज हत्तीपायाची नसते

चंद्रपूर-गडचिरोलीत कुणाचा पाय सुजलेला दिसला की आधी हत्तीपायच आठवतो. त्यात नवल नाही. हे हत्तीरोगाचे जिल्हे. रात्री रक्तनमुने घेणारे कर्मचारी आणि डीईसीच्या गोळ्या इथे गावोगावी ठाऊक आहेत. पण या ओळखीच्या आजाराआड लहान मुलांचं एक दुखणं झाकलं जातं : लसिकावाहिन्यांची जन्मजात विकृती.

हत्तीरोगात क्युलेक्स डासामार्फत शिरलेले जंत धडधाकट वाहिन्या बिघडवतात, आणि पाय सुजायला बहुधा वर्षे जातात. विकृतीत वाहिन्या गर्भातच वेड्यावाकड्या घडलेल्या असतात. ती कुणाकडून लागत नाही, आणि आईने ग्रहण पाळलं नाही म्हणूनही होत नाही. म्हणून पहिला प्रश्न एकच विचारावा, हे कधीपासून आहे? जन्मापासून किंवा पहिल्या दोनेक वर्षांत दिसलं असेल, तर विकृतीची शंका घ्यावी.

मान किंवा काखेत मऊ गाठ, वरची कातडी नेहमीसारखी, टॉर्च टेकवला की आतून उजळणारी, ती मोठ्या पोकळ्यांची विकृती. बारीक पोकळ्यांची विकृती मात्र फसवते. कातडीवर पाणीदार फोडांचा पुंजका येतो, पावसाळ्यात धानाच्या बांधीत बेडकाची अंडी दिसतात तसा. रक्त मिसळलं की काही फोड लाल-काळे होतात. लोक चामखीळ म्हणतात, नाहीतर नागीण. नागीण काही आठवड्यांत ओसरते. हे फोड वर्षानुवर्षे हटत नाहीत. त्यांचं मूळ खोल असतं, त्यामुळे वरवर खरवडले तर पुन्हा उगवतात. दोन्ही प्रकार एकत्रही असतात. आणि जुन्या हत्तीपायावरही असेच फोड येऊ शकतात, म्हणजे नुसत्या नजरेवर भिस्त नको.

वाढत जाणारी गाठ वेगळी आणि चुकीची घडलेली वाहिनी वेगळी, ही विभागणी मलिकन आणि ग्लोवाकी यांनी 1982 मध्ये मांडली. ती पुस्तकी वाटली तरी उपचार तिच्यावरच ठरतो. विकृती ठरली, तरी पुढे पोकळीचा आकार पाहावा लागतो. मोठ्या पोकळीत सुईने औषध सोडून ती आक्रसवता येते. बारीक पोकळ्यांना ते फारसं लागू पडत नाही. तिथे लेझर, शस्त्रक्रिया किंवा सिरोलिमस या औषधाचा विचार होतो. त्याआधी सोनोग्राफी, गरजेनुसार एमआरआय.

अंगणवाडीत बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, तेव्हा असा पुंजका किंवा गाठ आवर्जून दाखवा. चुना, डागणी, घरची सुई यातलं काही करू नका. आणि मानेची गाठ एकाएकी वाढली, ताप आला किंवा श्वास अडू लागला, तर पथकाची वाट न पाहता मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.