तिसऱ्या रांगेचा भाव

सकाळी ९.००
शटर वर गेलं की पहिलं काम बॅटऱ्यांचं. बाणेरमधल्या आमच्या शोरूमला सगळ्या गाड्या वापरलेल्या, पण महागड्या. चार दिवस जागेवर उभ्या राहिल्या की कुठली तरी एक सुरू व्हायला नखरे करतेच. पोरं फडकी घेऊन काचा पुसतात. मी टायरची हवा, किलोमीटर आणि काचेवरचं किमतीचं कार्ड बघत फिरते.

कंपनीच्या शोरूमला एकच घराणं विकायचं असतं. आमच्याकडे मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, व्होल्व्हो आणि लँड रोव्हर एकाच छताखाली. ग्राहक आत येतो तो एक साधा हिशेब मनात धरून: गाडी मोठी, म्हणून सीटा जास्त, म्हणून किंमत जास्त. त्यातलं शेवटचं कलम खोडण्यात माझा निम्मा दिवस जातो.

मांडणीचा आमचा एक नियम आहे. सात सीटांच्या गाडीची तिसरी रांग सकाळी पाडून ठेवायची. डिकी उघडली की सपाट, ऐसपैस जागा दिसली पाहिजे. बीएमडब्ल्यू एक्स७ची तिसरी रांग पाडली तर डिकीत ७५० लिटर सामान मावतं, उभी केली तर ३२६. सात माणसं गणपतीला गावी निघाली तर सात बॅगा कुठे, हा प्रश्न गाडी आवडल्यावर आलेला बरा.

१०.१५
ऑडी क्यू७ विकायला आली आहे. मालक पंचावन्नच्या आसपासचे, कारखानदार. म्हणतात, "सात सीटर आहे, ताई. भाव त्या हिशेबाने धरा."

पेंट मीटर लावून पत्रा तपासला. स्कॅनर जोडला, सर्व्हिसचे कागद पाहिले. मग मी मागे चढले. ड्रायव्हरचा सीटबेल्ट कडेला मऊ पडलेला, किंचित काळवंडलेला. मधल्या रांगेच्या फटीत बिस्किटांचा चुरा आणि खोडरबराचा तुकडा. तिसऱ्या रांगेचा बेल्ट मात्र कोरा, कडक. ओढला तर रुळातून अडखळत बाहेर आला. हेडरेस्टवर कंपनीचं प्लास्टिक तसंच.

"काका, इथे कोण बसायचं?"

"बसायचं कुणी नाही. पण लागली तर असावी."

हे वाक्य मला इतक्या मालकांनी ऐकवलंय की ते गाडीसोबत छापूनच येत असावं. कंपन्यांनाही ते माहीत आहे. क्यू७ फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात २००५ साली दिसली, दुसरी पिढी २०१५ची. ती घरच्यांची गाडी: सात सीटा, सरळ छत, मोठी डिकी. मग २०१८ साली ऑडीने क्यू८ काढली. पाया तोच, व्हीलबेस जवळजवळ तोच, लांबी थोडी कमी, छत मागे उतरतं आणि सीटा पाचच. किंमत मात्र वरची. भारतात हा फरक आणखी ताणला जातो, कारण क्यू७ छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडली जाते आणि क्यू८ तयार होऊन बाहेरून येते, आयात शुल्कासकट. पण जर्मनीतही क्यू८च महाग आहे. दोन सीटा काढून जास्त पैसे मागायचे आणि ते मिळवायचे, ही या धंद्यातली खरी कारागिरी.

काकांना आकडा सांगितला. ते 'घरी विचारतो' म्हणून गेले. दोन दिवसांत फोन येईल.

११.४५
कराडहून डॉक्टर कुटुंब आलंय: नवरा-बायको दोघंही डॉक्टर, दोन मुलं, आजी आणि आजोबा. सहा माणसं, त्यामुळे सात सीटर हवीच. अडचण अशी की डॉक्टरीणबाईंचा जीव जीएलसीवर, आणि तिच्यात पाचच बसतात.

"मॅडम, जीएलबी जीएलसीपेक्षा स्वस्त, आणि तरी तिच्यात सात? हे उलटं नाही का?"

उलटं दिसतं खरं. जीएलबी भारतात डिसेंबर २०२२ला ६३.८ लाखांपासून आली, नवी जीएलसी ऑगस्ट २०२३ला ७३.५ लाखांपासून. जीएलबीचा पाया मर्सिडीजच्या लहान गाड्यांचा, तोच ए-क्लासचा. त्यावर डबा उंच केला आणि मागे दोन सीटा बसवल्या. त्या सीटा १.६८ मीटरपर्यंतच्या माणसांसाठी आहेत, हे कंपनीच सांगते. म्हणजे साडेपाच फुटांपर्यंत. त्याच मर्सिडीजच्या जीएलएसमध्ये तिसऱ्या रांगेचा हाच आकडा १.९४ मीटर. दोन्हीकडे 'सात सीटर' असंच लिहिलेलं असतं.

मी जीएलबीची मधली सीट पुढे पाडली आणि मोठ्या मुलाला मागे पाठवलं. तो मजेत बसला. मग डॉक्टरसाहेब स्वतः गेले, गुडघे छातीशी आले आणि हसत बाहेर पडले. आजी बाहेरूनच म्हणाल्या, "माझे गुडघे बदललेत गं. मी काही तिथं चढायची नाही."

"तुम्ही मधेच बसायचं, आजी. मागे नातवंडं."

मग व्होल्व्हो एक्ससी९० दाखवली. ही मुळापासून कुटुंबासाठी काढलेली गाडी. पहिली २००२ची, ही दुसरी पिढी २०१४ची. तिसरी रांग १७० सेंटिमीटरपर्यंतच्या माणसांना, आणि मधल्या रांगेच्या मधल्या सीटमधूनच लहान मुलाची उंच बैठक वर येते. धाकटी तिच्यावर जाऊन बसली ती उतरेचना.

तेवढ्यात न्यू जर्सीहून डॉक्टरांचा भाऊ व्हिडिओ कॉलवर. त्याचा आग्रह लेक्सस टीएक्सचा. ती इकडे विकतच नाहीत, ती उत्तर अमेरिकेपुरती आहे. पण तिची गोष्ट त्यांना सांगितली. लेक्ससने आपल्या खपाऊ आरएक्सलाच मागून अकरा सेंटिमीटर वाढवून २०१७ साली तिसरी रांग बसवली होती. व्हीलबेस तोच राहिला, त्यामुळे पायांना जागा मिळाली नाही. आरएक्सच्या पुढच्या पिढीत ती लांब गाडी बंद झाली आणि २०२३ला मुळातच तीन रांगांसाठी आखलेली टीएक्स आली. तिकडच्या आया मुलांना रोज तिसऱ्या रांगेत बसवून शाळेत सोडतात, तिथे दिखाऊ सीट चालत नाही.

दुपारी १.३०
डबा. सोबत नवा पोरगा, नुकता लागलेला. त्याला नावांची बाराखडी पाठ करायला दिली आहे.

मर्सिडीजची सोपी. २०१५पासून जीएल पुढे आणि शेवटचं अक्षर त्या गाडीच्या सेडान नात्यातलं: जीएलसीला सी-क्लास, जीएलईला ई-क्लास, जीएलएसला एस-क्लास. १९९७ची एमएल झाली जीएलई, २००६ची जीएल झाली जीएलएस. एस-क्लासचा मान एसयूव्हीला चिकटवायचा तर हे एक अक्षर पुरलं.

बीएमडब्ल्यूत विषम आकडे सरळ छताचे, सम आकडे उतरत्या छताचे. एक्स५ १९९९ची, तिला कंपनी एसयूव्ही म्हणतच नाही, 'स्पोर्ट्स ॲक्टिव्हिटी व्हेइकल' म्हणते. तिच्यावर एक्स६ आली २००८ला. पण तीन रांगांची खरीखुरी मोठी गाडी, एक्स७, दाखवली २०१८ला. मर्सिडीजच्या जीएलनंतर बारा वर्षांनी.

"एवढा उशीर का?" पोरगा विचारतो.

कारण बीएमडब्ल्यू स्टिअरिंगमागे बसणाऱ्याला गाडी विकत आली. जो स्वतः चालवण्यासाठी पैसे मोजतो त्याला मागे किती बसतात याची फिकीर कमी. पण अमेरिकेतली आणि चीनमधली श्रीमंत कुटुंबं मोठ्या गाडीसाठी दुसऱ्या दारात जायला लागली, तेव्हा सातवा आकडा काढावाच लागला.

३.००
कागदपत्रं. एका गाडीच्या आरसीवरून बँकेचं नाव उतरवायचंय, दुसरीची एनओसी दिल्लीहून यायचीय. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंदीची टांगती तलवार असते, म्हणून तशा गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. इथला रोड टॅक्स मोजल्यावर ती स्वस्ताई बरीच आटते.

मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के सेस लागायचा. २२ सप्टेंबर २०२५पासून सरसकट ४० टक्के. नवीचा भाव उतरला की जुनीचाही त्याच दिवशी उतरवावा लागतो. सरकार गाडीची लांबी, इंजिन आणि जमिनीपासूनची उंची बघतं. सीटा तेही मोजत नाही.

४.१५
टेस्ट ड्राइव्ह, एक्स७. गिऱ्हाईक चाकणकडचे तरुण उद्योजक, स्वतः चालवणारे. महामार्गावर खूश. परतताना मी मुद्दाम त्यांच्याच सोसायटीत गाडी न्यायला सांगितलं. बऱ्याच सोसायट्यांत पार्किंगचे पट्टे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब आखलेले असतात. गाडी पाच मीटर पंधरा सेंटिमीटरच्या पुढे. नाक पट्ट्याबाहेर राहिलं. वॉचमन लगेच येऊन उभा.

"ताई, एक्स५ आहे का?"

आहे. बाळ एकच, आईवडील गावी. घरात माणसं तीन आणि पार्किंग पाच मीटर, म्हणजे एक्स५च बरोबर बसते. माझं कमिशन थोडं कमी होईल, पण गाडी महिनाभरात परत विकायला येणार नाही.

६.००
आता फ्लोअरवरची सगळ्यात महाग गाडी: मेबाख जीएलएस ६००, पार्क अँड सेलवर, म्हणजे मालकाच्या वतीने विकायला आलेली. बघायला आलेले साहेब सत्तरीचे, सोबत ड्रायव्हर. दार उघडलं की पायरी आपोआप बाहेर येते, गाडी जराशी खाली बसते. साहेब मागे बसले, पाय लांब केले, डोळे मिटले. ड्रायव्हर पुढून आरसा नीट करत होता.

ही गाडी सकाळच्या क्यू७च्या मालकांना दाखवायला हवी होती. सांगाडा जीएलएसचाच, व्हीलबेसही तोच. जीएलएस चाकणला जोडतात. जून २०२०ला ती ९९.९० लाखांना आली, सात सीटांसह. वर्षभराने मेबाख आयात होऊन आली २.४३ कोटींना. तिसरी रांग काढून टाकलेली. चार सीटा, फार तर पाच. आयात शुल्क वजा केलं तरी बरंच अंतर उरतं, आणि ते रिकाम्या जागेचं आहे. व्होल्व्होनेही हेच केलं होतं: एक्ससी९०ची 'एक्सलन्स' भारतात २०१६ला सव्वा कोटीला आली, सातच्या जागी चार सीटा घेऊन. रेंज रोव्हरने उलट्या बाजूने यायला पन्नास वर्षं घेतली. १९७०च्या या गाडीला सात सीटा मिळाल्या त्या २०२१च्या पाचव्या पिढीत, आणि त्याही लांब व्हीलबेसमध्येच.

म्हणजे पायऱ्या अशा: खाली पाच सीटा, मधे सात, आणि शिखरावर चार. मालक स्वतः चालवतो तोवर घरच्यांसाठी सीटा वाढत जातात. ड्रायव्हर आला आणि मालक मागे सरकला, की कमी होतात.

मी साहेबांना विचारलं, "घरी माणसं किती?"

"नऊ."

"मग?"

"त्यांना दुसरी गाडी आहे की."

७.४५
फोनवर फॉलो-अप. उद्योजकांनी एक्स५साठी टोकन पाठवलं. क्यू७चे काका दोन दिवस थांबले नाहीत. आकडा पन्नास हजारांनी वाढवा म्हणतात. मी वाढवला. न वापरलेल्या तिसऱ्या रांगेचे पैसे ते मागतात ते चुकीचं नाही, कारण पुढचाही ती न वापरताच त्याचे पैसे देणार आहे.

कराडहून मेसेज: 'एक्ससी९० फायनल करू. पण आई म्हणते, लांबच्या प्रवासाला आम्ही दोघं बसनेच येऊ, मुलांना पाय पसरू दे. मग पाच सीटांची जीएलसीच घ्यावी का?'

मी लिहिलं, 'घेऊ नका. पाच सीटांची गाडी घेतलीत तर आजी कायमच्या बसने येतील. रविवारी सगळ्यांना घेऊन या, सातारा रोडला एक फेरी मारू, आणि आजींना मधल्या सीटवर बसवून मगच भावाचं बोलू.'