अशक्तपणा की स्नायूंचा दाह?

गोठ्यात धार काढायला उकिडवे बसले, की उठताना खुंट्याचा आधार घ्यावा लागतो. एसटीची पायरी चढवत नाही. वेणी घालताना हात वर राहत नाहीत. बारामती-इंदापूरकडे अशी तक्रार झाली, की घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा असेल, सलाईन लावून घे.’ पण ताकद आठवड्यागणिक कमी होत असेल आणि सोबत अंगावर चट्टे उठत असतील, तर तो ‘डर्मॅटोमायोसायटिस’ असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते. आजार दुर्मीळ आहे, संसर्गजन्य नाही. ‘दंगल’ चित्रपटातील सुहानी भटनागर हिचे फेब्रुवारी २०२४ मध्ये, अवघ्या १९व्या वर्षी याच आजाराने निधन झाले.

खुणा ओळखता येतात. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर लालसर उंचवटे, गळा व पाठीवर चट्टे. सावळ्या त्वचेवर ते काळपट दिसतात. उसाच्या फडात राबणाऱ्यांना ते उन्हाचेच वाटतात.

निदानाची पहिली पायरी म्हणजे ‘सीपीके’ ही साधी रक्तचाचणी. स्नायूंना इजा झाली, की हे प्रमाण वाढते. एसजीओटी, एसजीपीटीही वाढतात. त्यामुळे कधी कधी आजार यकृताचा समजून उपचार भलतीकडेच जातात. थायरॉइडचा विकार आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही स्नायू कमजोर होतात, म्हणून चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. सीपीके नॉर्मल आले तरी आजार नाहीच, असे म्हणता येत नाही. मग अँटिबॉडी चाचण्या, ईएमजी, मांडीचा एमआरआय आणि गरजेनुसार त्वचेचा किंवा स्नायूचा तुकडा तपासतात. त्यासाठी बारामतीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुण्यात ससूनला सल्ला घेता येतो. संधिवाततज्ज्ञ हा आजार पाहतात. प्रौढांमध्ये त्यामागे कर्करोग दडलेला नाही ना, हेही तपासले जाते.

निदानाआधी मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा मलम घेऊ नये. खुणा झाकल्या जातात. निदानानंतर मात्र तेच स्टेरॉइड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मुख्य औषध ठरते.

घास अडकत असेल, पाणी नाकातून येत असेल किंवा धाप लागत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेत उपचार सुरू झाले, तर अनेकांची ताकद बरीचशी परत येते.