डोळे नसलेल्या किड्याला घास कसा कळतो?

आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला त्याचं काय! दोऱ्यासारखा हा जीव साध्या नजरेला दिसत नाही. तोंडातली सुई मुळात खुपसून तो रस ओढतो. पानं पिवळी पडतात, कंद पोसत नाही.

सूत्रकृमीला डोळे नसतात. मग पुढ्यातला घास त्याला कळतो कसा? वासानं, आणि स्पर्शानंसुद्धा. स्पर्शाचा अभ्यास झाला तो याच्याच एका निरुपद्रवी भावंडावर. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा हा कृमी कुजक्या पाल्यातले जिवाणू खातो. जिवाणूंचा थर लागला की त्याची चाल मंदावते. २००० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या वाटेत नुसते बारीक मणी पसरले, खायला काही नाही. तरी तो हळू झाला! अंगाला लागलं, तेवढ्यावरच.

हे घडतं कसं? ब्लाउजचं काज ताणलं की त्याचं तोंड उघडतं ना, तसंच. पेशीच्या पातळ पडद्यात प्रथिनांची इवली दारं असतात. पडदा दाबला, ताणला की ती उघडतात, क्षारांचे विद्युतभारित कण आत शिरतात आणि मज्जातंतूला निरोप जातो. कणीक सैल झाली की घट्ट, हे आपल्या हातालाही अशाच दारांमुळे कळतं. त्यातलं ‘पिझो’ नावाचं दार शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना २०२१ मध्ये नोबेल विभागून मिळालं. तसलंच दार या कृमीच्या घशातही आहे. ते नसेल तर त्याच्या गिळण्याची लय बदलते.

आता आपल्या कामाचं. शेणखतातले जिवाणू खाणारे कृमी पिकासाठी नत्र मोकळं करतात. सरसकट विष ओतलं तर तेही मरतात, पैसे जातात ते वेगळेच. म्हणून आधी एक रोप उपटून मुळं धुऊन बघा. सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळांवरच्या चांगल्या गाठी नखानं सहज सुटतात, आतून गुलाबी निघतात. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळच सुजलेलं असतं. अशा गाठी दिसल्या तर निंबोळी पेंड द्या, हळदीत झेंडू लावा. आणि त्या वाफ्यातलं बेणं पुढच्या लागवडीला ठेवू नका, शेजारणीलाही देऊ नका.