सुकट-वांगं : एका पातेल्यात घरभराचं जेवण

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. पहाटेच फडात जायचं, दिवस बुडाल्यावर कोपीवर परतायचं. मग चार भांडी चढवायला बाईनं बळ कुठून आणावं? अशा वेळी आमच्या आयाबायांना आठवडी बाजारातली सुकटच उपयोगी पडली.

साहित्य : एक वाटी सुकट, चार-पाच वांगी, दोन कांदे, आठ-दहा लसूण पाकळ्या, तिखट, हळद, दोन पळ्या तेल, सकाळच्या दोन-तीन बाजरीच्या भाकरी.

कृती : सुकट पाखडून कोरड्या तव्यावर परता. हातानं चोळून कचरा काढा, दोनदा धुवा. तेलात लसूण-कांदा लाल करा. तिखट, हळद, वांग्याच्या फोडी आणि सुकट परतून तीन पेले पाणी ओता. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवा. सुकट मुळातच खारट, म्हणून मीठ शेवटी, चाखून. भाकरी कुस्करून घाला, पाच मिनिटं मुरू द्या.

वाळल्या सुकटीत प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. वाढत्या लेकरांना हवंच. मात्र कोळंबीनं अंगावर पुरळ उठत असेल त्याला देऊ नका.

वास येतो म्हणून आपली पोरं शाळेत हा डबा लपवतात. आम्हीही लपवला होता. पण शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या दलितांचं हेच खाणं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात नोंदवलं, आणि २०२४ साली ते इंग्रजीतही गेलं. तेव्हा बायांनो, पातेलं झाकून ठेवा ते फक्त मुरण्यापुरतं!